रस्त्यापलीकडचा थांबा

बीडला पहिली रेल्वेगाडी आली त्या दिवशी गंगासागरला लोकांनी हाताला धरून पुढं नेलं. स्टेशनात मुंगी शिरायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती, गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती, आणि म्हातारीकोतारी रुळाला हात लावून तोच हात कपाळाला लावत होती. "रेल्वेअप्पाच्या मालकीणबाई आल्या, वाट द्या!" असं कुणीतरी ओरडलं आणि खरोखरच वाट झाली. इंजिनाला घालायचा झेंडूचा हार तिच्या हातात आला. इंजिन तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. शेवटी ड्रायव्हरच खाली उतरला, तिच्या पाया पडला, हार घेतला आणि वर चढून त्यानं तो अडकवला.

शेजारी उत्तरेश्वर गुरुजी उभे होते. शाळेतून निवृत्त झालेला, सदा इस्त्रीच्या कपड्यातला हा माणूस लेकरासारखा हुंदके देत होता. "वहिनी, बघा. आली. अप्पा असायला पायजे होते," एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं.

गंगासागरनं गाडीकडं पाहिलं. इंजिनाची धग तोंडावर येत होती. तेलाचा वास येत होता. बाकी काही नाही. आपण रडत नाही हे लोकांना दिसू नये म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. पदर कोरडाच राहिला. लोकांना वाटलं, बाई रडतेय.

तिचा नवरा केदारनाथ. हिवरपिंपळ्याच्या जुन्या पेठेत त्याचं भांड्यांचं दुकान. लिंगायत वाण्याचं घर; तांब्यापितळेपासून स्टीलच्या डब्यांपर्यंत सगळं मिळायचं. पण गाव त्याला दुकानदार म्हणून ओळखत नव्हतं. गाव त्याला रेल्वेअप्पा म्हणायचं. लग्न होऊन गंगासागर नव्यानं घरात आली तेव्हा माणसं बायकोला देवदर्शनाला नेतात, तसं त्यानं तिला गावाबाहेरच्या माळावर नेलं होतं आणि गवतात रोवलेला मोजणीचा दगड दाखवला होता. "हितून रेल्वे जाणार." तिला हसू आलं होतं. पुढं मोर्चे झाले, उपोषणं झाली, मुंबई झाली, दिल्ली झाली. गल्ला सांभाळला तो गंगासागरनं. गंमत अशी की जिल्ह्यात रूळच नव्हते, त्यामुळं रेल रोको करायची सोय नव्हती. रेल्वे पाहिजे म्हणून ही माणसं रस्त्यावर आडवी व्हायची.

रामकिसन हा गावातला मोठा जमीनदार, राजकारणातला माणूस. तो दुकानाच्या पायरीवर बसून केदारनाथला डिवचायचा. "अप्पा, रेल्वे तोट्यात चालती बे. सरकारनं त्यात पैसा घालणं म्हंजी रांजण फुटका अन् पाणी वता. रस्ता कसा, दारापासून दारापर्यंत. पायजे तवा निघा, पायजे तिथं थांबा."

"ज्याच्याकडं गाडी हाय त्यानं निघावं," केदारनाथ म्हणायचा. "रस्ता गाडीवाल्याचा, रेल्वे पायवाल्याची. सरकारचा पैसा आधी पायवाल्याकडं गेला पायजे."

वर्षानुवर्षं हा वाद चालला, चहाही चालला. भांडण कधी झालं नाही.

मग रस्ता आला. रेल्वेच्या कितीतरी आधी आला आणि दणक्यात आला. गावाला खेटून जाणारी जुनी सडक चौपदरी झाली. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला हायस्कूल, निम्म्या लोकांची शेतं आणि त्याच्याही पलीकडं, माळावर, रेल्वेची माती पडत होती. रस्त्यानं गावाची चाल बदलली. पोराला, बसवेश्वरला, दुकानात कधीच रस नव्हता. त्यानं फाट्यावर हॉटेल टाकलं. भजी, मिसळ, चहा. लांब पल्ल्याच्या गाड्या थांबायला लागल्या. नाव ठेवायला जागा नव्हती, पोरगं चांगलं कमवत होतं. केदारनाथही रोज तिथं जाऊन बसायचा, पोराच्या हातचा चहा प्यायचा आणि त्याच्याच गिऱ्हाइकांना रेल्वेचं महत्त्व सांगायचा.

रेल्वे बीडला पोचायच्या दोन वर्षं आधी, एका सकाळी, रेल्वेच्या समितीच्या बैठकीला बीडला निघालेला केदारनाथ त्या फाट्यावर रस्ता ओलांडत होता. पलीकडं जीप उभी होती. एक मालट्रक भरधाव आला आणि त्याला उडवून न थांबता गेला. त्याचा नंबरही कुणाला दिसला नाही.

त्या दिवसापासून गंगासागर बधिर झाली. ती वेडीबिडी झाली नाही. दिवसकार्य झाल्यावर तिनं दुकान उघडलं. गिऱ्हाईक आलं की जुन्या भांड्यांची मोड तोलली, भांडं दाखवलं, लग्नाच्या रुखवताची भांडी मांडून दिली. पुढ्यात आलेलं खाल्लं. एकदा सुनेच्या हातून आमटीत मीठ पडायचं राहिलं. घरातल्या सगळ्यांनी ताट सरकवलं आणि सासूनं तेवढी वाटी संपवली. तेव्हा शिवांजली घाबरली. तिनं सासूला डॉक्टरकडं नेलं, सासूच्या माहेरी पाटोद्याला नेलं, कपिलधारला नेलं. कपिलधारच्या धबधब्याखाली बायका अंगावर पाणी घेत होत्या, शिवा शिवा म्हणत होत्या. गंगासागरही उभी राहिली. अंग भिजलं, एवढंच. परत येताना शिवांजलीनं विचारलं, "आत्याबाई, बरं वाटलं का?" गंगासागर म्हणाली, "गार व्हतं पाणी."

रेल्वे आली त्यानंतरच्या थंडीत गावात नवा विषय निघाला. रामकिसन वरच्या साहेबांना भेटून आला आणि त्यानं पारावर सगळ्यांना गोळा केलं. हिवरपिंपळ्यानं दोन मागण्या कधीच्या लावून धरल्या होत्या. एक, माळावरून जाणारी गाडी गावाला थांबावी. त्यासाठी फलाट, शेड आणि फलाटापर्यंतचा रस्ता. दुसरी, फाट्यावर चौपदरीच्या खालून भुयारी मार्ग.

"साहेब म्हणले, पैसा सरकारचाच हाय, रेल्वेला घाला न्हाईतर रस्त्याला घाला," रामकिसननं सांगितलं. "पण दोन्हीकडं जोर लावता येत न्हाई. एकाच कामाचा ठराव आणा. ते काम मी करून देतो. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत काय ते ठरवा."

गाव दोन्हीकडं फुटलं. फलाटवाले म्हणायचे, आत्ता थांबा मिळाला नाही तर पुढल्या पन्नास वर्षांत मिळायचा नाही. भुयारवाले म्हणायचे, गाडी दिवसातून एकदा येते आणि एकदा जाते, रस्ता मात्र दिवसभर ओलांडावा लागतो. आणि दोन्हीकडच्यांना एक गोष्ट कळत होती: रेल्वेअप्पाची बायको ज्या बाजूला बोलेल, ती बाजू जड होणार.

पहिल्यांदा उत्तरेश्वर गुरुजी आले. दुकानाच्या पायरीवर, केदारनाथच्या जागेच्या शेजारी बसले. ती जागा त्यांनी मोकळी सोडली.

"वहिनी, तुमाला येगळं काय सांगायचं. थांब्याला अप्पाचं नाव द्यायचं ठरवलंय आमी. फलाटावर मोठी पाटी. येणारा जाणारा नाव वाचंल."

"बरं," गंगासागर म्हणाली.

"ग्रामसभेत तुमी दोनच शब्द बोला. अप्पाची शेवटची इच्छा व्हती म्हणा."

"शेवटची इच्छा त्यांनी मला न्हाई सांगितली, गुरुजी. चहा घेऊन निघालते. जाताना म्हणले, येतो."

गुरुजींनी शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तरी पण वहिनी. सगळा जन्म गेला त्यांचा ह्यात. माझा बी गेला."

"व्हय. ते खरं हाय."

ते उठून गेले. ते थकलेले दिसत होते, हे तिनं पाहिलं. त्याचं आपल्याला वाईट वाटायला पाहिजे, असं तिला वाटलं. वाईट वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना बसवेश्वरनं विषय काढला. त्यालाही थांबाच पाहिजे होता, पण वेगळ्या कारणानं.

"भुयार झालं की कडंनं सर्व्हिस रोड येणार. मोजणी झाली मागं. हॉटेलाचा पुढचा सगळा भाग जातंय त्यात. अन् गाड्या वरून सुसाट जाणार, खाली कोण उतरतंय भजी खायला? आई, मी तुला काय बोल म्हणत न्हाई. तू नुस्ती गप बस. थांब्याचा ठराव आपोआप होतंय."

शिवांजली भाकरी थापता थापता म्हणाली, "पण अप्पा तिथंच…"

"मला ठाव न्हाई व्हय?" बसवेश्वरचा आवाज एकदम चढला. "मी रोज तिथंच चहा विकतो. त्या जाग्यावरनं पाणी आणतो. मला काय वाटत नसंल?"

गंगासागरनं पोराच्या ताटात भाकरी वाढली. बापाचं मरण बघितलेलं हे पोरगं दुसऱ्या आठवड्यात हॉटेल उघडून बसलं होतं. आपण दुकान उघडलं तसंच. माय तशी लेकरं, एवढं तिच्या मनात आलं आणि गेलं.

तिसरी आली वनमाला. रोजगारानं शेतात जाणारी, पेठेच्या मागं राहणारी. तिची धाकटी हायस्कूलला जायची. सकाळी शाळेच्या वेळी वनमाला कामावर जायच्या आधी फाट्यावर उभी राहायची, जुन्या लाल लुगड्याचा तुकडा दोन्ही हातांनी वर धरायची आणि गाड्यांपुढं पसरायची. गाड्या हळू झाल्या की पोरं पळत रस्त्यामधल्या कट्ट्यावर, मग पुन्हा तसंच करून पलीकडं. कुणी तिला हे सांगितलेलं नव्हतं. तिच्या पोरीबरोबर गावाची सगळीच पोरं जायला लागली, मग तिला सुट्टी घेता येईना.

तिनं दुकानात येऊन पितळी तांब्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत ठेवला. घ्यायचा नव्हताच.

"काकू, तुमी थांब्याचं बोलणार म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"समदे." ती जरा घुटमळली. "मी काय म्हणते, अप्पा देवमाणूस व्हते. गाडी पायजेच. पण काल एक जण थांबलाच न्हाई बघा. कापड हातातनं घेऊन गेला. बोटं वाचली माझी." तिनं हात दाखवला. करंगळीला कापल्याची लाल रेघ होती. "मला ताप आला एखाद्या दिवशी तर काय, हा इचार येतो. दुसरं काय न्हाई."

गंगासागरनं तिला चहा दिला. वनमालानं तो उभ्यानंच प्यायला आणि गेली.

ग्रामसभा तोंडावर आली होती. गंगासागरच्या डोक्यात काही ठरत नव्हतं, कारण काही ठरवायला आधी काहीतरी वाटावं लागतं. एक मात्र तिच्या ध्यानात आलं. ज्या गाडीपायी घरात एवढं सगळं झालं, त्या गाडीत ती कधी बसलीच नव्हती. तिनं शिवांजलीला सांगितलं, दुकान बघ, आणि जीपनं बीडला गेली, तिकीट काढून नगरच्या गाडीत बसली. कुठं जायचं म्हणून नाही. नगरला उतरायचं आणि येणाऱ्या गाडीनं परत यायचं.

डबा भरलेला नव्हता, रिकामाही नव्हता. ऊसतोडीच्या अर्ध्या हंगामातून घरी आलेली आणि परत निघालेली एक टोळी बोचकी, पातेली, कोंबडीसकट दाराजवळ बसली होती. समोरच्या बाकावर एक म्हातारा आडवा झाला होता. त्याची बायको पायाशी बसून शेंगा सोलत होती. तिनं आपणहून नाव सांगितलं, बायनाबाई, गाव रायमोह्याकडचं. म्हाताऱ्याची मूत्रपिंडं गेली होती, रक्त धुवायला त्याला आठवड्यातून दोनदा नगरला न्यावं लागायचं.

"आदी यष्टीनं न्यायचो," बायनाबाई म्हणाली. "काय सांगू बाई, येताना जीव नकोसा व्हायचा. ह्यांना मळमळ व्हायची, बसवत न्हवतं. अन् मला तर दिवसभर पाणीच पिता येत न्हवतं. मधी उतरायचं कुठं बायामाणसानं? हितं बघा, संडास हाय, पाणी हाय. ह्ये झोपतंय, मी शेंगा खाती. माझ्या मायला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं तिला."

म्हाताऱ्यानं झोपेतच पाय पसरले. बायनाबाईनं ते मांडीवर घेतले.

गंगासागर ऐकत होती. केदारनाथची कितीतरी भाषणं तिनं ऐकली होती. कारखाने येतील, माल जाईल, मराठवाड्याचा अनुशेष भरून निघेल. संडासाचं नाव त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पायवाला, पायवाला म्हणायचा, पण पायवाल्या बाईनं दिवसभर पाणी न पिता राहायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तिनं तरी कुठं सांगितलं होतं? दिल्लीच्या मोर्चात बायका नेल्या होत्या तेव्हा तीही अशीच कोरड्या घशानं गेली होती. तो असता तर त्याला आज सांगता आलं असतं. तुमचं खरं होतं, आणि तुम्हाला माहीत होतं त्याच्याहून जास्त खरं होतं.

गाडी माळावर आली. तिनं खिडकीतून पाहिलं. हिवरपिंपळा दिसलं, पेठ, महादेवाच्या देवळाचा कळस, पाण्याची टाकी. अलीकडं चौपदरी, उन्हात चकाकणारी. फाट्यावर बसवेश्वरच्या हॉटेलाची लाल पाटी. आणि रस्त्याच्या मधल्या कट्ट्यावर उभी असलेली माणसं. कोण ते ओळखू येत नव्हतं. चार-दोन बायका, एक सायकलवाला. दोन्हीकडून गाड्या चालल्या होत्या आणि ती माणसं तिथं अडकून उभी होती. मागं जाता येत नव्हतं, पुढं जाता येत नव्हतं. गाडी थांबली नाही. सगळं मागं गेलं. ती माणसं पलीकडं पोचली की नाही, हे तिला दिसलं नाही.

थोड्या वेळानं तिचे डोळे मिटले. ती गाढ झोपली. दोन वर्षांत तिला अशी झोप लागली नव्हती. नगर आल्यावर बायनाबाईनं तिला हलवून उठवलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले आणि ग्रामसभा शाळेच्या पटांगणात बसली. रामकिसन खुर्चीवर. सरपंच बाजूला. आधी गुरुजी बोलले आणि चांगले बोलले. ते म्हणाले, रस्त्याला पैसा नेहमीच मिळतो, आज नाही तर उद्या मिळेल. रेल्वेला मिळत नाही. जिथं मिळणं अवघड तिथं आधी मागावं. ह्याच्यावर भुयारवाल्यांकडून एक जण उठला आणि म्हणाला, गुरुजी, तुमच्या थांब्यावर चढणार कोण? डबे मोकळे जात्यात. "तू बसलायस का कधी?" गुरुजी गरजले. आरडाओरडा झाला. वनमाला मागं बायकांत बसली होती. कुणीतरी तिला बोल म्हणून ढकललं, ती उठलीच नाही.

मग रामकिसन म्हणाला, "काकूंना बोलू द्या."

गंगासागर उभी राहिली. समोरच्या रांगेत बसवेश्वर जमिनीकडं बघत बसला होता.

"गाडी चांगली हाय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, भांड्याची किंमत सांगावी तसा. "मी बसून आले. आजारी माणूस आडवं होऊन जातंय. बायांना पाणी पिता येतंय. डबे मोकळे न्हाईत. सरकारनं त्यात पैसा घातला तो वाया गेला न्हाई. थांबा झाला पायजे."

गुरुजींनी मान वर केली. त्यांच्या बाजूच्यांनी टाळ्या सुरू केल्या.

"पण आदी रस्त्याखालून वाट करा."

टाळ्या अर्ध्यावर राहिल्या. ती खाली बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती उभीच राहिली.

"आमच्यात माणूस गेलं की बसवत्यात. तुमाला ठाव हाय. मांडी घालायची, हातात इष्टलिंग द्यायचं, कपाळाला भस्म लावायचं. बसलेलं माणूस न्यायचं अन् बसलेलंच मातीत ठेवायचं. ह्यांना बसवता येईना. कंबर राह्यलीच नव्हती. पाठीला पाट लावला, उपरण्यानं खांबाला बांधलं. मान पुढं पडायची. गुरुजी, तुमी मागून धरलीती. जंगम स्वामी मंत्र म्हणत व्हते तवर तुमी धरून बसलते. तुमचे हात कापत व्हते, ते मी बघितले."

गुरुजींनी चष्मा काढला.

"थांब्याला जायला बी रस्ता वलांडावाच लागतंय. मी काय शिकलेली न्हाई. मला एवढंच वाटतं, दुसऱ्या कुणाला असं धरून बसायची येळ येऊ नये. बास."

हात वर झाले. भुयारी मार्गाच्या बाजूनं इतके हात वर झाले की मोजायची गरज पडली नाही. वनमालाचा झाला. शिवांजलीचा झाला. बसवेश्वरनं हात वर केला नाही आणि थांब्याच्या वेळीही केला नाही. गुरुजींनी एकट्यानं थांब्यासाठी हात वर केला. कुणी हसलं नाही.

सभा मोडली तेव्हा रामकिसन खुशीत होता. "बघा काकू, अप्पा जलमभर भांडले, पण शेवटी पैसा रस्त्यालाच गेला."

"रस्त्याला न्हाई, रामकिसन," ती म्हणाली. "पायवाल्याला."



ठराव गेला. रामकिसन शब्दाला जागला, हे मान्य करावं लागेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी माणसं येऊन चुन्याची फक्की मारून गेली, मग यंत्रं आली. बसवेश्वरला हॉटेलाचा पुढचा भाग स्वतःच उतरवावा लागला. पत्रे, खांब, ती लाल पाटी. तो आईशी महिनाभर कामापुरतंच बोलला. गुरुजी दुकानाच्या पायरीवर यायचे बंद झाले. वाटेत दिसले तर नमस्कार करायचे, पुढं जायचे. गंगासागरला त्यात चुकीचं काही दिसत नव्हतं. त्यांचा जन्म रेल्वेपायी गेला होता. गाडी माळावरून जायची, शिट्टी द्यायची, थांबायची नाही. घराघरांत मुलंबाळं शिट्टी ऐकून जेवायला बसायची.

भुयाराचं खोदकाम फाट्यावर आलं त्या दिवशी दुपारी ती बघायला गेली. गाड्या बाजूनं वळवल्या होत्या. ज्या ठिकाणी केदारनाथ पडला होता, तिथलं डांबर यंत्रानं खरवडून काढलं, खालची खडी निघाली, मग पिवळा मुरूम, मग काळी माती, रस्त्याच्या आधीची. ती काठावर उभी राहून बघत होती. बसवेश्वर उरलेल्या हॉटेलातून आला आणि शेजारी उभा राहिला.

"अप्पा थांबलते," बसवेश्वर एकदम म्हणाला.

"काय?"

"मधल्या कट्ट्यावर थांबलते, आई. मी बघत व्हतो. कढईत भज्यांचा घाणा टाकला व्हता. नीट उभे व्हते, हात धरून त्या लोखंडी पाइपाला. मग जीपवाल्यानं हाक मारली. अप्पा, चला लवकर, जागा जाईल. त्यांनी हात केला त्याला. अन् निघाले."

हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना सांगितलं असेल, तिला नव्हतं.

गंगासागर खड्ड्यात बघत राहिली. बसून बसून बधिर झालेल्या पायात मुंग्या याव्यात, तसं तिच्या छातीत काहीतरी चरचरत वर आलं. दुःख म्हणावं तर ते दुःख नव्हतं. राग होता.

"कसली जागा?" ती मोठ्यानं म्हणाली. यंत्रावरच्या माणसानं वळून पाहिलं. "जीपमदली जागा? त्याच्यासाठी? एवढी वर्षं वाट बघितली त्या गाडीची, कधी घाई केली न्हाई, दिल्लीत तीन तीन दिवस बसून राह्यलात, अन् जीपसाठी पळालात? दुसरी जीप आली नसती व्हय? काहून पळालात?"

ती खड्ड्याला बोलत होती. बसवेश्वरनं तिचा दंड धरला, तिनं तो हिसडून सोडवला, मग पुन्हा धरू दिला. राग फार वेळ टिकला नाही. आला तसा खाली बसला आणि पुन्हा आतलं सगळं सपाट झालं. पण दंडाला पोराचा हात लागतोय, तो तेलकट आहे, गरम आहे, हे तिला कळत होतं.

"ऊन लई हाय," बसवेश्वर म्हणाला. "चल, आत बस. चहा ठेवतो."

"नगं. दुकानात माणूस येऊन बसलं असंल. लिंबागणेशचं लग्नाचं गिऱ्हाईक हाय."

ती गावाच्या बाजूला वळली. दोन पावलांवर थांबून तिनं विचारलं, "घाणा जळाला असंल तवा."

"जळाला," बसवेश्वर म्हणाला. "समदा जळाला."

तिनं मान हलवली आणि पेठेकडं चालायला लागली.